कार्ड चांगलं होतं, पाटी दुसऱ्याची लागली होती

सोयाबीनच्या सीझनमधे लातूरात वजनकाट्यावरचा पीसी बंद पडला की काय हाल होतात ते काट्यावर बसलेल्यालाच माहिती. दिवाळीच्या तोंडावर एका काट्यावरून फोन आला, "सर, काट्यावर वजन दिसायलंय पण कंप्युटरमधे येईना गेलंय, गाड्या रोडपर्यंत लागल्यात." जाऊन बघतो तर मुनीमजी इंडिकेटरवरचा, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यावरचा, आकडा बघून हातानं पावत्या लिहायलेत अन ड्रायव्हर लोक भांडायलेत, कारण माल घेणाऱ्याला छापील पावती लागते.

झालं असं की जुना पीसी जळाला, नवीन आणला, अन नव्याला मागं नऊ पिनांचा सिरीयल पोर्टच नाही, इंडिकेटर मात्र अजून आरएस-२३२ वरच, म्हणजे त्याच जुन्या सिरीयल जोडणीवर, चालतो. म्हणून कोणीतरी मदरबोर्डच्या खाचेत बसणारं, दोन सिरीयल पोर्टचं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड टाकून दिलेलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधे (पीसीतल्या सगळ्या भागांची यादी) कार्ड दिसत होतं, नाव पण आलेलं, फक्त पिवळं चिन्ह अन कोड १०, म्हणजे डिव्हाइस चालूच होत नाही. मालकाचं एकच, "कार्डच डुप्लिकेट आहे, परत करून टाका."

मी म्हणलं मालक, थांबा जरा. तिथं दिसणारं नाव ड्रायव्हरनं (गाडीवाला नाही, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लावलेलं असतं, कार्डाची खरी ओळख हार्डवेअर आयडीत असते अन ती कुठलाही ड्रायव्हर टाकला तरी बदलत नाही. प्रॉपर्टीज उघडून डिटेल्समधे बघितलं, व्हेंडर, म्हणजे बनवणारी कंपनी, १सी००, डिव्हाइस ३२५३, म्हणजे सीएच३८२ चिप, दोन सिरीयलवाली. अन स्क्रीनवर नाव भलत्याच चिपचं! म्हणजे आधार कार्ड एकाचं अन घरावर पाटी दुसऱ्याची. बॉक्समधल्या सीडीवर वेगळ्याच कार्डाचे ड्रायव्हर होते, अन आधी आलेल्या पोरानं विंडोज नको नको म्हणत असताना यादीतून निवडून तोच दाबून बसवला (घाईत सगळेच 'येस' दाबतात, वाचतंय कोण). खात्रीसाठी कार्ड काढून मोबाईलच्या टॉर्चमधे चिपवरचं नाव वाचलं, तेच निघालं.

मग तो ड्रायव्हर डिलीटची टिक मारून मुळापासून काढला, नाहीतर उद्या परत कोणीतरी तोच निवडणार. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बरोबरचा उतरवला, पिवळं चिन्ह गेलं, पोर्ट आले, विंडोजनं नावं दिली कॉम ३ अन कॉम ४. मालक खूश, पण वजन काही येईना! काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, त्यात कॉम १ अन कॉम २ एवढेच पर्याय, अन कॉम १ मदरबोर्डनं अडवून ठेवलेला, ज्याचा सॉकेट मागं बाहेर काढलेलाच नाही. बायोसमधे (मदरबोर्डची स्वतःची सेटिंग) तो बंद केला, कार्डाच्या पहिल्या पोर्टच्या ॲडव्हान्स सेटिंगमधे जाऊन त्याला कॉम १ केलं. केबल लावायच्या आधी पोर्टच्या २ अन ३ नंबरच्या पिना तारेनं जोडून टर्मिनलमधे (पोर्टवर अक्षरं पाठवणारा प्रोग्राम) टाईप केलं, अक्षरं परत आली, म्हणजे पोर्ट धडधाकट. केबल लावली तर आकड्यांच्या जागी किडेमुंग्या, कारण इंडिकेटर २४०० बॉडवर (डेटा पाठवायचा वेग) अन नवीन सेटिंग ९६००. ते जुळवलं अन वजन धडाधड यायला लागलं.

मुनीमजींनी पहिली पावती छापून थेट भांडणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात दिली. दुसरा पोर्ट मोकळाच आहे, त्याच्यावर बाहेर मोठा डिस्प्ले लावायचं मालकाच्या डोक्यात आलंय, म्हणलं लावू की, पण सीझन संपल्यावर.