तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोजेक्ट खरा, मग तयारी कच्ची का?

'मुलांना खऱ्या कंपनीचा प्रोजेक्ट देतो, तरी नोकरीत गेल्यावर ती गांगरतात. असं का?' व्यवस्थापन शिकवणारे हे हमखास विचारतात. बहुतेक वेळा कंपनी खरी असते, प्रश्न खरा नसतो. 'आमच्या मार्केटिंगचा अभ्यास करा' यात कोणाचं काही अडलेलंच नसतं. 'एकदाच खरेदी करून गेलेल्या ग्राहकांपैकी आधी कोणाला फोन करायचा?' हे मात्र विक्रीप्रमुखाला पुढच्या तिमाहीआधी ठरवावंच लागतं.

म्हणून प्रोजेक्टच्या 12 आठवड्यांतले पहिले 2 आठवडे प्रश्न पक्का करण्यात जाऊ द्या. एका पानावर लिहून घ्या: निर्णय कोण घेणार, कधीपर्यंत, डेटा कोणता मिळणार आणि आपण काय करणार नाही. हा शेवटचा मुद्दा गाळला की सातव्या आठवड्यात 'जमलं तर वेबसाइटचंही बघा' सुरू होतं. गोपनीयतेचा करारही तेव्हाच उरकावा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत डेटा आला नाही तर सरळ प्रश्न बदला. नाहीतर गट शेवटी मित्रमंडळींकडून गूगल फॉर्म भरून घेतो आणि त्यालाच बाजारपेठ म्हणतो!

डेटा मात्र साफ करून देऊ नका. विक्रीच्या फाइलमध्ये एकच ग्राहक तीन स्पेलिंगनी सापडतो, परत आलेला माल उणे विक्री म्हणून बसलेला असतो. एक्सेलची सेटिंग महिना आधी धरणारी असेल, तर 5 एप्रिलची 05/04/2024 ही नोंद 4 मे होऊन बसते आणि 13/04/2024 नुसता मजकूर म्हणून पडून राहते. एकूण बेरीज जुळते, महिनेवार आलेख खोटा निघतो. केस स्टडीतले आकडे आधीच निवडून-पुसून ठेवलेले असल्यामुळे असं काही तिथे भेटतच नाही.

गट चौघांचा बरा. सहा झाले की दोघं सहीपुरते उरतात. दर आठवड्याला कंपनीला तीन ओळींचा मेल जावा: काय झालं, कुठे अडलं, तुमच्याकडून काय हवं. तो आळीपाळीने प्रत्येकाने लिहायचा. गटातल्यांनी एकमेकांचं मूल्यमापन सहाव्या आठवड्यात करावं; शेवटी केलं तर सुधारायला वेळच नसतो.

सादरीकरणात शिफारस पहिल्याच स्लाइडवर हवी. गुण फक्त कंपनीच्या खुशीवर सोडू नका, गोडबोल्या गटाची चंगळ होते. 'कोणता आकडा बदलला तर तुमची शिफारस फिरेल?' असं चौघांपैकी कोणालाही विचारा. उत्तर आलं नाही, तर अहवाल कितीही देखणा असो, गुण खुशाल कापा.