आमची वाटचाल: भट्टीपासून रिअ‍ॅक्टरच्या पोटापर्यंत

उदारीकरणाला दोन-तीन वर्षं झाली होती. भोसरी-पिंपरीतले लहान कारखानदार परदेशी गिऱ्हाइकांना पाठवायला कॅटलॉग छापून घेऊ लागले होते. लग्नाचे फोटो काढून साठवलेल्या पैशांतून मी एक जुना मामिया आरबी 67 कॅमेरा घेतला आणि चिंचवडच्या एका गाळ्यात कारखान्यांसाठी फोटो काढायचं काम सुरू केलं. पहिली काही वर्षं गिअर, व्हॉल्व्ह, पंप, बस. पण त्यानेच हात तयार झाला. लेथवरून उतरलेला लखलखीत भाग आरशासारखा असतो. त्यात कॅमेरा दिसतो, खिडकी दिसते, आपला शर्टसुद्धा दिसतो. म्हणून त्याच्याभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू करायचा आणि बाहेरून लाइट द्यायचा. मग सगळंच पांढरं होऊन कडा हरवतात, तेव्हा तंबूच्या आत काळ्या कागदाच्या पट्ट्या उभ्या करायच्या. एका व्हॉल्व्हला कधी अर्धा दिवस लागायचा.

शॉप फ्लोअरवर गेलो आणि पहिला दणका बसला. एका मोठ्या शेडचे फोटो हवे होते, तेही ट्रान्स्परन्सीवर, म्हणजे स्लाइड फिल्मवर. तिला एक्स्पोजरची, म्हणजे आत पडणाऱ्या प्रकाशाची, अर्ध्या स्टॉपइतकी बारीक चूकही खपत नाही, हे मला ठाऊक होतं. प्रकाशाचं गणित मात्र कच्चं होतं. वर सोडियमचे दिवे होते. त्या प्रकाशात निळा जवळजवळ नसतोच आणि जे मुळात नाही ते फिल्टर लावून आणता येत नाही. सगळे रोल पिवळे-तपकिरी निघाले. कंपनीने पैसे दिले नाहीत, आणि ते योग्यच होतं. त्यानंतर आम्ही रात्री काम थांबल्यावर शेडचे दिवे बंद करून घ्यायला लागलो. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर उघडं, आणि मी व माझा सहायक अंधारात मशिनमागून मशिनमागे जाऊन एकेक फ्लॅश मारायचो. अंगावर प्रकाश पडू दिला नाही की चालणारा माणूस फिल्मवर उमटत नाही. वीस-वीस फ्लॅशमध्ये एक शेड उजळायची.

पण खरं शिकलो ते कोल्हापुरात, शिरोलीच्या एका फाउंड्रीत. सकाळी बॅगा घेऊन आत शिरलो तर भट्टीवरचे वयस्क फोरमन आधी माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "पाण्याची बाटली घेऊन कुठं निघालाय? ती बाहेर ठेवून या आधी." वितळलेलं लोखंड 1400 अंशांच्या आसपास असतं. त्याखाली ओल सापडली की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. सगळा रस उसळून अंगावर येतो. मग त्यांनी माझी टेरिकॉटची पँट बदलायला लावली, कारण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. बूट बिनलेसचे दिले, थेंब आत गेला तर झटक्यात काढता यावेत म्हणून. त्या दिवशी कॅमेरा बॅगेतून निघालाच नाही. लॅडल, म्हणजे रस वाहून नेणारं भांडं, कुठल्या बाजूने येते, मळी कधी काढतात, साच्यात धार किती सेकंद चालते, हे मी नुसतं बघत बसलो. दुपारी एसजी आयर्न या चिवट प्रकारच्या बिडासाठी रसात मॅग्नेशियम दिलं आणि डोळे दिपवणारा पांढरा लखलखाट झाला. लाल धारेच्या हिशोबाने एक्स्पोजर लावून उभा असतो तर त्या क्षणाची फिल्म कोरी करकरीत गेली असती.

दुसऱ्या दिवशी शटर आणि अ‍ॅपर्चर धारेसाठी ठरवलं. माणसांचे चेहरे अंधारात जाऊ नयेत म्हणून बाजूने, अगदी थोडा, नारिंगी जिलेटिनचा पारदर्शक कागद लावलेला फ्लॅश दिला. साधा पांढरा फ्लॅश दिला की धगीचा रंगच मरतो आणि लोखंड रंगाच्या डब्यातून ओतल्यासारखं दिसतं. धार पुन्हा ओतून दाखवा, असं कुणाला सांगता येत नाही. दोन दिवसांत उपयोगी म्हणता येतील असे सहा फोटो मिळाले. त्यातला एक आजही आमच्या ऑफिसात दारासमोर लावलेला आहे.

डिजिटल आल्यावर, एक्स्पोजर तपासायला आधी काढाव्या लागणाऱ्या पोलरॉइडचा खर्च गेला. एक्स्पोजर आता जागेवर पाहता येतं. फाउंड्रीत मात्र आम्ही अजूनही लेन्स बदलत नाही, धूळ सेन्सरवर बसते. दोन बॉडी नेतो. ड्रोनही घेतला. 2021 च्या ड्रोन नियमांनी कागदपत्रं बरीच हलकी केली, तरी पुणे परिसरात लोहगावच्या विमानतळामुळे उडवायच्या आधी नकाशात झोन बघावाच लागतो.

सगळ्यात अवघड काम कोकणातल्या लोटे-परशुरामच्या एका रासायनिक कारखान्यात झालं. वार्षिक शटडाऊनमध्ये रिकाम्या केलेल्या रिअ‍ॅक्टरच्या, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या बंद टाकीच्या, आतल्या अस्तराचे फोटो हवे होते. आम्ही दिव्यांची यादी पाठवली आणि सेफ्टी ऑफिसरनी जवळजवळ सगळी खोडली. अशा बंदिस्त जागेत पुरेशी सुरक्षा साधनं नसतील तर 24 व्होल्टच्या वरचं हातात नेण्याजोगं विजेचं उपकरण वापरायला तेव्हाचा कारखाने कायदा मनाई करायचा. बॅटरीचा फ्लॅश तरी चालेल असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "आत कपॅसिटरमध्ये किती व्होल्ट असतात?" तीनशेच्या वर. मला गप्प बसावं लागलं. शेवटी 12 व्होल्टचे एलईडी पॅनेल त्यांच्या विद्युत विभागाकडून तपासून घेतले, पहिल्या भेटीतच आत उतरायच्या मॅनहोलचं माप घेऊन ट्रायपॉड कापून आखूड केला. ऑक्सिजन आणि वायूची तपासणी झाल्यावर मी आत उतरलो. बाहेर नेमलेला माणूस दर थोड्या वेळाने नावाने हाक मारायचा आणि हातातलं काम सोडून ओ द्यायलाच लागायची. आत काम करायचं परमिट साडेचारला बंद होणार होतं. सव्वाचारला मी बाहेर आलो, तोवर अकरा फोटो झाले होते.

आमच्या कोटेशनमध्ये आता पाहणीच्या दिवसाची वेगळी ओळ असते. काही जण पैसे वाचवायला ती खोडून पाठवतात. ते काम आम्ही घेत नाही.