चित्र आलं, आवाज नाही: काकांच्या स्क्रीन रेकॉर्डिंगची खटपट

माझे काका पोस्टातून निवृत्त झालेत, राहतात माहीमला. त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘मोबाईलमधलं कळणारा माणूस’ अशी त्यांची ख्याती आहे. पेन्शनरांचा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’वरून ऑनलाइन देण्याची सोय २०१४ पासून आहे, २०२१ पासून तर फोनसमोर चेहरा धरूनही काम होतं. तरी संघातली बरीच मंडळी दर नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभी राहतात. काकांनी ठरवलं, मराठीत व्हिडिओ करायचा. केंद्राच्या पेन्शनरांपैकी ऐंशी ओलांडलेल्यांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून तो सप्टेंबर संपायच्या आत हवा होता. रेकॉर्डिंग काकांचं, जोडकाम माझं.

त्यांनी तीन फाईली पाठवल्या. कुठले आकडे हाताशी ठेवायचे ती लॅपटॉपवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने केलेली, चेहरा दाखवून दाखला द्यायला लागणारी दोन्ही ॲप कशी उतरवायची ती फोनवरची, आणि तयार दाखला वेबसाइटवरून कसा काढायचा ती ब्राउझरमधल्या रेकॉर्डरने केलेली. तिन्ही फाईली व्हिडिओ एडिटरमध्ये टाकल्या. चित्र तिन्हींचं आलं, आवाज एकीचाही नाही.

काकांना फोन केला तर म्हणाले, “अरे, असं कसं होईल? ती दाखल्याची तर मी आत्ता लावून बघितली, चांगली वाजतेय.”

अशा वेळी लोक सांगतात ते उपाय ठरलेले: एडिटर पुन्हा इन्स्टॉल कर, कोडेकचं (आवाज-चित्र फाईलमध्ये बांधायच्या आणि उलगडायच्या पद्धतींचं) पॅक टाक, नाहीतर कुठल्यातरी फुकट साइटवर फाईल चढवून एमपी४ करून घे. या शेवटच्या सल्ल्याचा मला रागच येतो. काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये आधार क्रमांक, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक सगळं उघडं दिसत होतं. असली फाईल अनोळखी सर्व्हरवर चढवायची म्हणजे पासबुक स्टेशनच्या बाकावर ठेवून वडापाव आणायला जाण्यासारखं आहे. एडिट करताना ते आकडे मी झाकलेच, पण मूळ फाईल घराबाहेर जाऊ द्यायची नाही हे आधी ठरवलं.

तिन्ही फाईलींचं दुखणं एकच असेल असं मी धरून चाललो नाही, आणि वेळ वाचला तो तिथेच. आवाज मुळात रेकॉर्डच झाला नाही, की फाईलमध्ये आहे पण भलत्या ट्रॅकवर, की आहे पण एडिटरला वाचता येत नाही, हे आधी कळायला हवं. व्हीएलसीमध्ये फाईल उघडून कंट्रोल आणि जे दाबलं की आतल्या सगळ्या स्ट्रीमची, म्हणजे चित्राच्या आणि आवाजाच्या प्रवाहांची, यादी समोर येते. हा प्लेअर स्वतःचे डीकोडर बरोबर घेऊन फिरतो, त्यामुळे तिथे वाजलं म्हणून एडिटरमध्ये वाजेलच असं नाही; यादी मात्र भरवशाची.

ओबीएसच्या फाईलमध्ये एक व्हिडिओ आणि दोन ऑडिओ निघाले. व्हीएलसीच्या ऑडिओ मेनूत जाऊन दुसरा ट्रॅक निवडला आणि काकांचा आवाज खणखणीत आला. झालं होतं असं की तो लॅपटॉप त्यांच्या नातवाचा. नातू गेम रेकॉर्ड करतो, म्हणून त्याने गेमचा आवाज पहिल्या ट्रॅकवर आणि माइक दुसऱ्यावर असा वेगळा ठेवलेला. गेमवाल्यांसाठी ही पद्धत उत्तमच, बडबड आणि गोळीबार वेगवेगळे कापता येतात. काकांच्या रेकॉर्डिंगमध्ये गेम कुठला? पहिला ट्रॅक कोरा, आणि माझा एडिटर नेमका पहिलाच उचलत होता. क्लिपवर राइट क्लिक करून ऑडिओची जुळणी दुसऱ्या ट्रॅकवर नेली, काम संपलं. फाईल बदलावी लागली नाही. ज्या एडिटरमध्ये ही सोय नाही, किंवा जो एमकेव्ही प्रकारची फाईल घेतच नाही, त्यांच्यासाठी एफएफएमपेग हे फाईल बदलायचं सॉफ्टवेअर आहे: व्हिडिओ जसाच्या तसा कॉपी करायचा, हवा तो ट्रॅक पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या कच्च्या आवाजात, काढायचा आणि दोन्ही एमओव्ही फाईलमध्ये भरायचे. चित्राला धक्का लागत नाही. पीसीएम जागा खातो, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण साडेअकरा एमबी. पण तो बहुतेक सगळे एडिटर वाचतात.

या फाईलची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या चढउतारांची पट्टी, मी बराच वेळ बघत बसलो. काकांची खिडकी पश्चिम रेल्वेच्या रुळांकडे. लोकल आली की ते बोलायचे थांबतात, गेली की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. पट्टीवर ते चक्क दिसत होतं: बोलण्याचे टोकदार उंचवटे, मग लोकलचा एक जाड, सपाट पट्टा, मग पुन्हा उंचवटे. आवाज न ऐकताच कुठे कापायचं ते कळत होतं. कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या त्यांच्या लक्षात आल्या नव्हत्या.

फोनवरच्या फाईलचा निकाल लवकर लागला. ऑडिओ स्ट्रीम होता, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत शांत. अँड्रॉइडचा स्क्रीन रेकॉर्डर सुरू करताना आवाज कुठून घ्यायचा ते विचारतो: फोनमधला, माइकचा, की दोन्ही. तिथे फक्त ‘फोनमधला’ निवडलेलं होतं. जे टिपलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. काकांना म्हटलं, “चित्र बघत बघत नुसतं बोलून पाठवा.” त्यांनी ते रात्री उशिरा, लोकल विरळ झाल्यावर करून पाठवलं.

खरा वेळ खाल्ला तो ब्राउझरच्या फाईलने, काकांकडे ‘चांगली वाजणारी’ तीच. वेबएम फाईल, आत आवाज ओपस कोडेकमध्ये. ब्राउझरला ओपस घरचाच, म्हणून त्यांना ऐकू येत होता. माझ्या एडिटरला तो वाचता येत नव्हता, आणि त्याने तसं न सांगता नुसतं चित्र आत घेतलं. आवाज तेवढा वेगळा काढून डब्ल्यूएव्ही केला आणि चित्राखाली लावला. सुरुवात बरोबर जुळली. शेवटाकडे मात्र काका “आता सबमिट दाबा” म्हणायच्या आधीच बाण बटणावर जाऊन दाबून मोकळा!

याचं कारण फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपली जातात तो वेग. फोन आणि ब्राउझरचे रेकॉर्डर बऱ्याचदा ठरावीक वेगाने फ्रेम घेत नाहीत. पडद्यावर काही हललं की जास्त, नाहीतर कमी. प्लेअर ते सांभाळून घेतो, एडिटर एक वेग धरून चालतो आणि आवाज-चित्राची फारकत होते. मूळ वेबएम हँडब्रेक या फाईल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (एकच ठरावीक वेग) निवडलं, आवाज एएसी कोडेकमध्ये ठेवला, दर्जा नेहमीपेक्षा थोडा वर, कारण पडद्यावरची बारीक अक्षरं आधी फुटतात. नवी फाईल एडिटरमध्ये टाकली तर आवाजही आला आणि बाणही काकांचं ऐकू लागला. फोनवरची फाईलही मग याच वाटेने काढली.

नातवाच्या सेटिंगला हात लावला नाही. ओबीएसमध्ये काकांसाठी वेगळं प्रोफाईल केलं, त्यात माइक पहिल्या ट्रॅकवर. प्रोफाईल बदललं तरी ॲडव्हान्स्ड ऑडिओमधल्या ट्रॅकच्या खुणा बदलत नाहीत, त्या सीन कलेक्शनबरोबर (पडदा, माइक वगैरेंच्या मांडणीबरोबर) राहतात, म्हणून तेही वेगळं करावं लागलं.

व्हिडिओ संघाच्या ग्रुपवर गेला. व्हॉट्सॲपने अक्षरं पुसट करू नयेत म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. दोन-चार जणांना आता स्वतःच रेकॉर्डिंग करायची हौस आली आहे, आणि पहिली शंका एका आजींची: “माझ्या आयफोनवर तो माइक कुठे असतो?” कंट्रोल सेंटरमधलं रेकॉर्डिंगचं बटण नुसतं टॅप न करता दाबून धरायचं, तिथेच माइकचं चिन्ह येतं, असं काकांनी त्यांना व्हॉइस मेसेज करून सांगितलं.