अंगणावरची हिरवी नेट आणि सात आठवडे अडलेली एक सही

ज्यांच्या घरी लहान कुत्रं आहे आणि ज्यांना घाई आहे, त्यांच्यासाठी कामाची गोष्ट आधीच सांगते. कुत्र्याला घारीपासून वाचवण्यासाठी अंगणावर जाळी लावायची असेल आणि त्याला सोसायटीची परवानगी लागत असेल तर अर्जात "घार", "पक्षी", "कुत्रा" यातला एकही शब्द घालू नका. "उन्हाळ्यापुरती हिरवी नेट, काढता येणारी" एवढंच लिहा. हे मला कळायला सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत आमची कुत्री टिकली दिवसाउजेडी अंगणात एकदाही मोकळी फिरली नाही.

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे एका फ्लॅट स्कीममध्ये तळमजल्यावर राहतो. मागच्या बाजूला 12 बाय 18 फुटांचं अंगण आमच्या वापराला आहे आणि कंपाउंडला लागून एक जुना कडुनिंब. टिकली पॉमेरियन आहे. पांढरी, कपाळावर बदामी ठिपका, वजन 2 किलो 200 ग्रॅम.

14 फेब्रुवारीला सकाळी साडेदहाच्या सुमारास मी पायरीवर मेथी निवडत बसले होते. टिकली फरशीवर उन्हात पाय ताणून पडलेली. आधी फरशीवरून एक सावली सरकली. पंखांचा आवाज असा काही आलाच नाही. मग टिकलीची एकच किंकाळी, आणि मी मान वर करेपर्यंत घार परत कडुनिंबावर जाऊन बसली होती. फरशीवर पांढऱ्या केसांचे दोन पुंजके पडले होते. टिकली माझ्या साडीत तोंड खुपसून थरथरत होती आणि डाव्या डोळ्याच्या वर रक्ताची बारीक रेघ उमटली होती.

तासाभरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला एक केशरी कागदाची पट्टी टेकवली, डोळा हिरवागार झाला, मग निळ्या उजेडाच्या टॉर्चने बघितलं. बुबुळावर ओरखडा असता तर तिथे हिरवा रंग धरून राहिला असता. तसा राहिला नाही, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. पण पाठीवरचे केस कापले तर खाली दोन भोकं निघाली. दिसायला टाचणी टोचल्यासारखी, आतून मात्र खोल. नखांच्या जखमा वरून मिटतात आणि आत पू धरतात, म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक. तेव्हा अशी झडप पडली तर नुसतं वरवर बघून "काही नाही झालं" म्हणू नका. केस बाजूला करून सगळं अंग बोटांनी चाचपा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घारीबद्दल मी नंतर वाचलं, विचारलं, आणि रोज बघितलं. आपल्याकडची काळी घार, जिच्या शेपटीला मधे खाच असते ती, किलोच्याही आतबाहेर वजनाची असते. पंख उघडले की साडेचार फुटांच्या आसपास भरते, म्हणून केवढी तरी मोठी वाटते. स्वतःच्या दुपटीने जड कुत्रं ती उचलून नेऊ शकत नाही. डोळा मात्र फोडू शकते. आणि चारपाचशे ग्रॅमचं दीड महिन्याचं पिल्लू असेल तर मी कसलीच खात्री देणार नाही, ते उघड्यावर ठेवूच नका. शिक्रा हा दुसरा शिकारी पक्षीही आमच्याकडे येतो, पण तो कबुतराएवढा. सरडे, चिमण्या, उंदीर हेच त्याचं खाणं. त्याची भीती टिकलीच्या वजनाच्या कुत्र्याला नाही.

झडप का घातली, याचं उत्तर दोनेक आठवड्यांत मिळालं. फेब्रुवारीच्या शेवटी कडुनिंबाने पानं टाकली आणि वरच्या बेचक्यात घरटं उघडं पडलं. काटक्या, चिंध्या, प्लास्टिकचे तुकडे, आणि त्या सगळ्यात आमचं दिवाळीनंतर हरवलेलं लाल चौकड्याचं पुसणं! म्हणजे जोडी हिवाळ्यापासून तिथेच होती, आम्हालाच पत्ता नव्हता. घारी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत अंडी घालतात, महिनाभर उबवतात, आणि पुढे दोनेक महिने पिल्लं घरट्यात असतात. तो सगळा काळ आई-बाप खाली हलणाऱ्या कशालाही धोका समजतात. टिकली त्यांना घास म्हणून दिसली की शत्रू म्हणून, ते मी सांगू शकत नाही. जखम दोन्ही बाबतीत सारखीच होते.

आता त्या सहीबद्दल लिहिते, कारण अजून आठवलं की डोकं तापतं.

17 फेब्रुवारीला मी साध्या कागदावर अर्ज लिहिला. घारीने कुत्रीवर हल्ला केला, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे, अंगणावर जाळी लावण्यास परवानगी मिळावी. सेक्रेटरी साहेबांनी वाचला, घडी केली आणि "ठेवून द्या, मीटिंगमध्ये बघू" म्हणाले. मी पोच मागितली नाही. शेजारधर्म म्हणून मागितली नाही, आणि तिथेच चुकले. कागद कितीही साधा असो, दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि सही घेतल्याशिवाय हलू नका.

मीटिंग मार्चच्या पहिल्या रविवारी होती. ती झाली नाही, कारण खजिनदार लग्नाला अमरावतीला गेले होते. पुढच्या रविवारी झाली तर माझा अर्ज सापडेना. मी दुसरा लिहिला. तेव्हा कळलं की साधा कागद चालतच नाही, "बाहेरील बदलांसाठी" छापील फॉर्म आहे. त्या फॉर्मवर खुणा करायला चार चौकोन होते: ग्रिल, एसीचं बाहेरचं युनिट, बोर्ड आणि शेड. जाळीसाठी चौकोन नव्हता. मी विचारलं, यातलं काय करू? म्हणाले, शेडवर खूण करा. केली. आठवड्याने निरोप आला, शेड म्हटलं की आर्किटेक्टचं ड्रॉइंग लागतं.

ज्या जाळीला भिंत नाही, पत्रा नाही, जी तारेवर ताणायची आणि पावसाळ्याआधी गुंडाळून माळ्यावर टाकायची, तिला आर्किटेक्टचं ड्रॉइंग! मी शांतपणे म्हटलं, हे बांधकाम नाही. ते म्हणाले, मग वरच्या सगळ्या फ्लॅटधारकांच्या सह्या आणा. मी बारा दारं वाजवली. नऊ सह्या मिळाल्या. दोघं गावाला गेले होते. पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सही करायचं नाकारलं आणि उपाय सुचवला: "जाळी कायले पाहिजे ताई? फांदीच तोडून टाका ना, घार येणारच नाही."

हा उपाय कमिटीला फार पटला. 18 मार्चला सकाळी सातला दोरी आणि कुऱ्हाड घेऊन एक भाऊ कडुनिंबाखाली उभे! मी चहा तसाच ओट्यावर ठेवून धावले.

"सेक्रेटरी साहेबानं सांगतलं बाई, वरची फांदी उतरवून टाका म्हणून."

"भाऊ, वर बघा आधी. पिल्लं दिसून राहिली का?"

त्यांनी कपाळावर हात धरून वर बघितलं. घरट्याच्या कडेवर दोन पिंगट डोकी हलत होती, मादी बाजूच्या फांदीवर मान वळवून आमच्याकडेच बघत होती. भाऊंनी कुऱ्हाड भिंतीला टेकवली. म्हणाले, "पिल्लाईले नाही हात लावत मी. पैसे नाही देले तरी चालते." मी त्यांना चहा-पोहे दिले आणि आल्या मजुरीचे पैसेही माझ्याकडून दिले. त्या सबंध दोन महिन्यांत माझं ऐकून घेणारा पहिला माणूस तो.

त्याच संध्याकाळी मी सेक्रेटरी साहेबांपुढे दोन गोष्टी लेखी ठेवल्या, या वेळी पोच घेऊन. पहिली: वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. घार संरक्षित पक्षी आहे, तेव्हा पिल्लं असलेली फांदी तोडणं हा सरळ गुन्हा. दुसरी: शहरात झाड तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम, 1975 खाली रीतसर परवानगी लागते, ती कमिटीच्या तोंडी हुकुमाने मिळत नाही. दगड, फटाके, गुलेल यांनाही मी याच कारणाने हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. आणि दगड मारल्याने घारीचा राग वाढतो, कमी होत नाही. फांदीचा विषय तिथे संपला. पण जाळीचा कागद जिथे होता तिथेच राहिला.

मधल्या काळात आम्ही निभावलं कसं, ते सांगते. टिकलीला सूर्य उगवण्याआधी आणि अंधार पडल्यावरच बाहेर काढायचं. ऊन तापलं की हवा वर चढते आणि घारी त्या हवेवर तरंगतात, तो दिवसाचा सगळा वेळ त्यांचा. शिवाय एप्रिलमध्ये दुपारी आपल्या नागपुरातली फरशी कुत्र्याच्या पायाला भाजते, तेव्हा हे वेळापत्रक तसंही बरंच. दिवसा अगदी गरज पडली तर पट्टा लावून, आणि माझ्या हातात उघडी छत्री. घार मागून येते. छत्री असली की तिला झेपेला वाट राहत नाही. छत्री खरंच कामी येते, लोक हसले तर हसू द्या.

चमकणारी पट्टी, जी शेतकरी पाखरं हाकलायला वावरात बांधतात, ती आणून बांधली. चार दिवस बरं चाललं. पाचव्या दिवशी तिचा हातभर तुकडा मला घरट्यात लोंबताना दिसला. जुन्या सीडींचंही तेच झालं. घारी हुशार असतात, भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डावर त्या कशा घिरट्या घालतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको.

जे खरोखर उपयोगी पडलं ते म्हणजे बाज, म्हणजे आपली विणलेली खाट. गच्चीवरची जुनी बाज आणून अंगणाच्या मधोमध टाकली आणि टिकलीला "आत!" म्हटलं की तिच्याखाली शिरायला शिकवलं, दर वेळी बिस्किटाचा बारीक तुकडा. दहा दिवसांत शिकली. आता सावली सरकली तरी मी काही म्हणायच्या आधी ती बाजेखाली असते.

आणि खाणं. हे आधीच लिहायला हवं होतं. कुत्र्याची ताटली अंगणात ठेवू नका, रविवारचं मटण बाहेरच्या नळावर धुऊ नका. आमच्या वरचे एक काका गच्चीवर घारींना चरबीचे तुकडे टाकत, त्यामुळे त्या खाली उतरायला सोकावल्या होत्या. मी जाऊन टिकलीची पाठ दाखवली, त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. सह्यांच्या कागदावर पहिली सही त्यांचीच आहे.

आता परत कमिटी. मार्च संपत आला आणि दरवर्षीप्रमाणे आमच्या स्कीमच्या बाल्कन्यांवर हिरव्या नेट चढू लागल्या. मी अंगणात उभी राहून मोजल्या, सात. त्यात सेक्रेटरी साहेबांचीही एक. कोणी फॉर्म भरला होता? कोणाकडे ड्रॉइंग होतं? मी घरात येऊन नवीन अर्ज लिहिला: "उन्हाळ्यापुरती हिरवी नेट, काढता येणारी, भिंतीला धक्का न लावता." 7 एप्रिलला दिला. उभ्या उभ्या सही झाली. वस्तू तीच, माप तेच, अंगण तेच. सात आठवडे ज्या गोष्टीसाठी मी दारं वाजवत फिरले ती पाच मिनिटांत मिळाली, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी संताप आला.

नेट दुसऱ्याच दिवशी लावली. शेतीच्या सामानाच्या दुकानातून 50 टक्क्यांची घेतली, म्हणजे निम्मं ऊन आत येतं आणि कुंडीतली तुळस, मोगरा जगतात. कबुतरांसाठी बाल्कनीला लावतात ती पारदर्शक बारीक नायलॉनची जाळी मी मुद्दाम टाळली. ती पक्ष्यांना नीट दिसत नाही, त्यात पाय आणि पंख अडकतात. संक्रांतीनंतर झाडांवर नायलॉन मांजात लटकलेले पक्षी आपण सगळ्यांनी बघितलेत. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी आणली, तरी ते दिसतातच. तोच फास आपल्या हाताने अंगणावर कशाला बांधायचा? हिरवी नेट दाट आणि ठळक असते, घार लांबूनच वळते.

चार कोपऱ्यांना लोखंडी पाइप, सिमेंट भरलेल्या डब्यांत उभे केलेले, वर जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार ओढून ताणलेली, आणि तिला हुकांनी अडकवलेली नेट. उंची आठ फूट ठेवा. झोळ पडू देऊ नका, झोळात कडुनिंबाचा पाला साचतो आणि नेट खाली येते. हुक यासाठी, की मे महिन्यात आपल्याकडे संध्याकाळी वादळ सुटतं तेव्हा दहा मिनिटांत उतरवता यावी. सुतळीने बांधाल तर ती उन्हाने महिनाभरात कुजते. मजुरीसकट सगळं चार हजारांच्या आत बसलं.

एप्रिलच्या शेवटी एक पिल्लू उडता उडता कंपाउंडवर येऊन बसलं आणि दोन तास हललं नाही. अशा वेळी हात लावू नका, आई-बाप जवळच असतात. जखमी दिसलं तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथे जंगली प्राण्या-पक्ष्यांवर उपचार होतात. आमचं पिल्लू संध्याकाळी आपणहून उडालं. टिकली नेटखालून त्याच्याकडे बघून भुंकली, 14 फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

घारी जुन्या जागी परत येतात. यंदा नोव्हेंबरच्या शेवटी जोडी तोंडात काटक्या घेऊन त्याच बेचक्यात उतरताना मला दिसली. 1 डिसेंबरला मी यंदाचा अर्ज दिला आहे. पोच माझ्याकडे आहे.