हादऱ्याचं सूत्र उसनं घेऊ नका

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे या खाणींच्या भागांत सुरुंग उडाला की पहिला प्रश्न घरातून येतो: भिंतीला तडा गेला तो यामुळेच का? उत्तर आकड्यानंच द्यावं लागतं. जमिनीचे कण सर्वाधिक किती वेगानं हलले हे मिलिमीटर प्रतिसेकंदात मोजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीबाहेरील साध्या घरांसाठी मर्यादा अशी: वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारे हेलकावे, ८ हर्ट्झच्या खाली असेल तर ५, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावर १५ मिमी प्रतिसेकंद. म्हणजे वेगाइतकीच वारंवारताही महत्त्वाची. आपल्याकडे जांभ्याखाली मऊ मातीचे थर असतात, तिथे वारंवारता खाली उतरते आणि मर्यादा एकदम कडक होते.

अंदाजाचं सूत्र साधं आहे. अंतराला (मीटर) एका डिलेमध्ये, म्हणजे भोकं एकामागून एक उडवतानाच्या वेळेच्या एका टप्प्यात, उडणाऱ्या स्फोटकाच्या (किलो) वर्गमूळानं भागायचं. ८ मिलिसेकंदांच्या आत उडणारी सगळी भोकं एकाच डिलेत धरतात. जुन्या पद्धतीच्या डिटोनेटरची (स्फोटक पेटवणाऱ्या नळीची) वेळ मागेपुढे होते, म्हणून कागदावरचा डिले आणि जमिनीतला डिले एक नसतो.

वेगवेगळ्या अंतरांवरच्या निदान ३० नोंदी घ्या आणि प्रत्येकीचा भागाकार व मोजलेला वेग लॉग-लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर लॉगरिदमचं माप असलेल्या) मांडून रेषा काढा. इथेच बहुतेक जण चुकतात: सरासरीच्या रेषेवर विसंबतात. उदाहरणादाखल २०० मीटरवर ५० किलो घ्या, म्हणजे भागाकार २८.३. सरासरी रेषा ५०० गुणिले भागाकाराचा उणे १.५ घात असेल तर ३.३ मिमी येतात, वाटतं सगळं ठीक. पण ९५ टक्के नोंदी जिच्याखाली येतात त्या रेषेचा गुणक ११०० असेल तर ७.३! जिथे हादऱ्याची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असते, त्या घरासाठी मर्यादा ५ आहे, म्हणून हा सुरुंग नाकारलाच पाहिजे. २० किलोवर आणला तर भागाकार ४४.७ आणि वरची रेषा ३.७ वर उतरते.

दुसऱ्या खाणीचे गुणक आणू नका. मृगानंतर जमीन भिजली की त्याच खाणीचेही बदलू शकतात, म्हणून पावसाळ्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा.

जिओफोन, म्हणजे जमिनीचा हादरा टिपणारं उपकरण, घराच्या पायाजवळ, घट्ट जमिनीत पुरा. सैल मातीवर नुसता ठेवला तर तो स्वतःच डुलतो आणि आकडा खोटा येतो. जोत्यावर ठेवायचा झाला तर वाळूची पिशवी वर दाबून ठेवा.

सुरुंगाआधी घरमालकाला सोबत घेऊन प्रत्येक तड्याच्या टोकाला पेन्सिलीनं आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, पट्टी ठेवून फोटो काढा. उन्हानं आणि ओलीनं चिऱ्यांची भिंत वर्षभर थोडीथोडी हलतेच. तडा त्या रेघेपलीकडे कधी गेला, हे मग दोघांनाही दिसतं.