तिघांच्या सूचना, वेळापत्रक एक

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये ग्रामीण पोस्टिंगला आमचा मिश्र गट केला होता : एमबीबीएसचा विद्यार्थी, बी.एस्सी. नर्सिंगची मैत्रीण आणि मी. २०२१-२२ च्या बॅचपासून एमबीबीएसच्या मुलांना गावातली कुटुंबं दत्तक दिली जातात, म्हणजे त्या घरांच्या आरोग्यावर त्यांनी लक्ष ठेवायचं. त्याच्या वाट्याच्या अशाच एका घरी आम्ही तिघं जाऊ लागलो. आजींची डावी बाजू पक्षाघाताने गेलेली. करणारी एकटी सून, तीही रोज शेतावर जाणारी.

मी खुर्चीत बसवायला आणि व्यायाम घ्यायला सांगितलं. नर्सिंगच्या मैत्रिणीला माकडहाडावर लाली दिसली, तिने दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली. एमबीबीएसच्या मित्राने पथ्य आणि गोळ्यांच्या वेळा समजावल्या. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खुरपायला कधी जाऊ?"

त्या दिवशी आम्ही ओसरीवरच बसलो आणि ताईंना पहाटेपासूनचा दिवस सांगायला लावला. बोलता बोलता कळलं की आजी रात्री एकट्याच उठायला बघतात. मला पडण्याची भीती वाटली. मैत्रीण म्हणाली, चादर सकाळी ओली असते, कातडी त्यानेही नाजूक झाली असेल. मग त्याने गोळ्यांचा डबा उपडा केला, तर लघवीची गोळी संध्याकाळी दिली जात होती! त्याने लगेच आमच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला, आणि त्यांनी ती सकाळी द्यायला सांगितली. तिघांपैकी एकटं कुणी गेलं असतं तर हा धागा जुळला नसता, असं मला आजही वाटतं.

मग वेळापत्रक ताईंच्या कामांभोवती बांधलं. जेवण बसूनच, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. म्हणजे ठसक्याचा धोका कमी आणि माझं बसवणंही त्यातच आलं. व्यायाम कपडे घालताना : आधी डावा हात बाहीत, आणि तो हात धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. शेतावर जाण्याआधी कूस बदलायची, दुपारच्या पाळ्या शेजारच्या काकूंनी आपणहून घेतल्या. वेळापत्रकाच्या कागदाची एक प्रत गावातल्या आशा कार्यकर्तीकडे दिली.

पुढे लाली ओसरली. आजी आधाराने पलंगाच्या कडेला बसू लागल्या.

कॉलेजात मात्र तिघांच्या लॉगबुक वेगळ्या, आणि हा कागद चिकटवायला एकाही लॉगबुकात जागा नाही. पुढच्या बॅचला घरागणिक एकच नोंदवही द्या, असा अर्ज आम्ही तिघांनी मिळून केला आहे.