कपाटावरचं नाव आणि चाळिशीतली पीएच.डी.

न्यू हॅम्पशायर नेमकं कुठं, असं कुणी विचारलं की मी "बॉस्टनच्या वर" एवढंच सांगते. त्यातलं डरहॅम हे आमचं गाव. गाव कसलं, विद्यापीठच ते. भोवती थोडी घरं, एक रेल्वे स्टेशन आणि भरपूर झाडं. उन्हाळ्यात मुलं घरी गेली की रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. इथं येणाऱ्या बऱ्याच बायका नवऱ्याच्या नोकरीमागून येतात. मीही तशीच आले, पुण्याहून इतिहासात एम.ए. करून, एच-४ म्हणजे नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर. ज्यांच्या घरचं कुणी अमेरिकेत आहे त्यांना एच-४ म्हणजे काय हे सांगायला नको. शिकायची मुभा असते, नोकरीची नसते. नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल एका ठरावीक टप्प्याला पोचली असेल तर २०१५पासून बायकोलाही वर्क परमिट मागता येतं. बाकीच्यांनी वाट बघायची.

इतिहास शिकलेली बाई या गावात रिकामी बसली, की लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंचं नाव तिच्या कानावर आल्याशिवाय राहत नाही. मी त्यांना उलरिकबाईच म्हणणार. आपल्याकडे शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

उलरिकबाईंचा जन्म १९३८ सालचा, आयडाहो राज्यातल्या शुगर सिटी नावाच्या गावातला. घर मॉर्मन पंथाचं. लग्न लवकर झालं, १९६० साली यूटा विद्यापीठातून इंग्रजीची पदवी घेतली आणि नवऱ्याच्या शिक्षणासाठी जोडपं बॉस्टनकडे आलं. नवरा केमिकल इंजिनिअर. पुढं पाच मुलं. मधल्या काळात चर्चमधल्या मैत्रिणींबरोबर बॉस्टनची एक छोटी मार्गदर्शिका काढली, नंतर मॉर्मन बायकांसाठी निघालेल्या एका नियतकालिकाच्या कामातही त्या होत्या. बॉस्टनच्या सिमन्स कॉलेजातून इंग्रजीचं एम.ए. झालं १९७१ साली. नवऱ्याला डरहॅमच्या विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली, म्हणून सगळे इकडे आले. इथं बाईंनी विषय बदलून इतिहास घेतला आणि पीएच.डी. मिळाली १९८० साली. म्हणजे वय चाळिशीच्या पलीकडे.

ही गोष्ट आमच्या इथल्या भिशीत सांगितली की लगेच कुणीतरी म्हणतं, "बघ, मनात आणलं की सगळं होतं!" मला हे वाक्य आवडत नाही. मनात आणून सगळं होत नाही. बाईंचा नवरा त्याच विद्यापीठात कायम नोकरीवर होता, घर विद्यापीठाच्या गावातच होतं आणि व्हिसाचा प्रश्न नव्हता. हे सगळं असूनही एम.ए. ते पीएच.डी. मध्ये नऊ वर्षं गेली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि त्याहून महत्त्वाचं हे, की ज्या घरकामापायी वेळ लागला तेच घरकाम त्यांनी अभ्यासाला घेतलं. सूत, माग, भांडी, बिछाने, टोपल्या.

आता ज्या पुस्तकानं त्यांचं नाव झालं त्याकडे येते. शेजारच्या मेन राज्यात केनेबेक नदीकाठी हॅलोवेल नावाचं गाव आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथं मार्था बॅलर्ड नावाची सुईण होती. १७८५पासून १८१२पर्यंत, मरायच्या थोडं आधीपर्यंत, ती रोज डायरी लिहीत होती. जवळजवळ दहा हजार दिवसांच्या नोंदी आणि ८१६ बाळंतपणं. हवा कशी होती, कुणाकडे गेले, कोण आलं, किती सूत कातलं, बागेत काय लावलं. बस, इतकंच. नदी गोठलेली असताना बर्फावरून पलीकडे गेल्याचंही ती एका ओळीत उरकते.

ही डायरी कुणाला माहीतच नव्हती असं नाही. १८७० साली त्या भागाचा इतिहास लिहिणाऱ्या गृहस्थांनी ती चाळली होती. नोंदी त्रोटक आहेत, काही अपवाद सोडता सर्वांना रस वाटावा असं त्यात नाही, असा शेरा मारून ते मोकळे झाले. वह्या घराण्यातच राहिल्या आणि मार्थाच्या नातीच्या नातीकडे आल्या. ती मेरी होबार्ट, स्वतः डॉक्टर. तिनं १९३० साली त्या मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिल्या. नंतरच्या अभ्यासकांनीही पाहिल्या आणि घरकामाचा किरकोळ तपशील म्हणून बाजूला ठेवल्या.

उलरिकबाईंनी नेमका तो किरकोळ तपशीलच मोजायला घेतला. कुठल्या महिन्यात किती बाळंतपणं, समासात बाळंतपणासमोर फुल्या कुठं आहेत (फुली म्हणजे पैसे मिळाले), घरात माग आल्यावर कोणत्या मुलीनं काय विणलं, शेजारची कोणती पोरगी कामाला आली नि कधी लग्न होऊन गेली. मार्थाचा नवरा गिरण्या चालवायचा, लाकूड कापायची आणि दळणाची. त्या गावच्या सरकारी कागदांत सापडतात. पण त्याच घरातला माग, मुलींचं विणकाम, सुईणपणाची कमाई, शेजारणींशी चालणारी सुताची नि भाजीच्या रोपांची देवघेव यांचा पत्ता पुरुषांच्या खातेवह्यांत लागत नाही. एका गावात दोन बाजार चालू होते आणि एकाचीच नोंद दप्तरात होती. बाई हे समजावताना चौकड्याच्या कापडाचं उदाहरण देतात. अर्धे धागे पांढरे, अर्धे निळे. कुठं नुसता पांढरा चौकोन दिसतो, कुठं नुसता निळा, आणि जिथं दोन्ही एकमेकांना छेदतात तिथं तिसराच रंग. बायकांचं नि पुरुषांचं काम त्या गावात असं विणलेलं होतं.

'अ मिडवाइफ्स टेल' १९९० साली आलं आणि १९९१ला त्याला इतिहासाचं पुलित्झर मिळालं. तेव्हा बाई डरहॅमलाच शिकवत होत्या. इथल्या जुन्या लोकांना त्याचा अभिमान अजून आहे. पुढच्याच वर्षी मॅकार्थर फेलोशिप, १९९५ला हार्वर्ड, २००९ला अमेरिकेतल्या इतिहासकारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचं अध्यक्षपद. पुढचा जिना त्या भराभर चढल्या, त्यावर मी रेंगाळत नाही.

मला विचाराल तर त्यांचं त्यानंतरचं पुस्तक जास्त जवळचं आहे. 'द एज ऑफ होमस्पन', २००१ सालचं. जड आहे, एका बैठकीत होत नाही. पण त्याची रचनाच वस्तूंवर आहे. एकेका प्रकरणाला एकेक वस्तू. टोपली, चरखे, अर्धवट विणलेला पायमोजा, भरतकाम, घोंगडी. त्यांतलं एक कपाट आहे, त्याच्यासाठीच खरं म्हणजे मी हे लिहायला बसले.

मॅसॅच्युसेट्समधल्या हॅडली गावचं हे लाकडी कपाट १७१०च्या दशकातलं. आता ते मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयात असतं, मी फोटोतच पाहिलंय. दर्शनी बाजू रंगवलेली आहे, वेलबुट्टी आणि चक्रं, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंय: हॅना बर्नार्ड. कोपऱ्यात बारीक अक्षरात नव्हे, पार कपाटभर. हॅनाचं लग्न झालं आणि दोनेक वर्षांत बाळंतपणात ती गेली. मागं एक मुलगी राहिली. त्या मुलीनं पुढं आपल्या लेकीचं नाव ठेवलं हॅना बर्नार्ड. नुसतं हॅना नाही, आईचं माहेरचं आडनावसुद्धा.

याचं महत्त्व कळायला तेव्हाचा कायदा माहीत हवा. जमीन, घर, कुरण हे बहुधा मुलांकडे जायचं. मुलीच्या वाट्याला जे उचलून नेता येतं ते: पेटी, पलंग, पितळी किटल्या, चादरी, एखादी गाय. आणि लग्न झालं की तेही कायद्यानं नवऱ्याचं. माणूस मेला की शेजारचे दोन-तीन प्रतिष्ठित घरी येऊन खोलीवार यादी करायचे. खुर्च्या इतक्या, जुनी कढई एक, किंमत अमुक शिलिंग. बाईंसारख्यांचं अर्धं आयुष्य अशा याद्या वाचण्यात जातं. त्या याद्यांत कपाट दिसतं, ते कुणाचं हे दिसत नाही. ते कपाटच ओरडून सांगतं. हॅडलीच्या आसपास मुलींची नावं किंवा आद्याक्षरं कोरलेल्या अशा लाकडी पेट्या बऱ्याच सापडल्या आहेत.

हे वाचताना मला कोथरूडच्या स्वयंपाकघरातला फळीवरचा पितळी डबा आठवला नसता तरच नवल. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची रीत आहेच. आता स्टीलच्या दुकानात यंत्र कुरकुर करतं आणि दोन मिनिटांत नाव घालून देतात, पूर्वी छिन्नीनं ठिपक्याठिपक्यानं कोरत. आईला फोन करून म्हटलं, फळीवरची सगळी भांडी उतरव आणि नावं वाचून दाखव. ती म्हणाली, "तुला अमेरिकेत काही कामधंदा नाही का गं?" पण उतरवली. बहुतेकांवर आजोबांची आद्याक्षरं नि आडनाव. काहींवर कुणाच्या लग्नात कुणाकडून ते, आणि तारीख. आणि त्या डब्यावर व एका तांब्यावर आजीचं माहेरचं नाव. ज्या नावानं तिला या घरात कुणीच कधी हाक मारली नाही ते. लग्नात नाव बदललं होतं ना. रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, बँकेत ते नाव कुठंही नाही.

वस्तूंचा इतिहास शिकवताना इथं काय करायला लावतात ते थोडं सांगते. विद्यापीठाच्या परवानगीनं मी एका वर्गात नुसती ऐकायला बसते. पहिले अनेक तास पुस्तक उघडायचंच नसतं. वस्तू समोर ठेवायची आणि दिसतं तेवढंच लिहायचं: वजन, जोड, झीज कुठं आहे, डागडुजी कुठं. चरख्याचंच घ्या. इथं दोन जातींचे चरखे दिसतात. लोकरीचा मोठा, उभ्यानं चालवायचा. कातणारी एका हातानं चाक फिरवून मागं मागं चालत जाते आणि पुन्हा पुढं येते. दुसरा लिननसाठी, ठेंगणा, पायानं चालवायचा, बसून. हे कळलं की लगेच प्रश्न पडतात. दिवसभर चालायचं काम कुणाला दिलं असेल, घरातल्या तरण्या मुलींना? खोलीत त्याला जागा किती लागली असेल? वर्गात मी सांगितलं की आमच्या आजीच्या पिढीनं शाळेत टकळीवर सूत कातलंय, पेळू घरून न्यायचे. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की मीच संग्रहालयातून उठून आलेय.

बाईंचं आणखी एक पटतं. घरच्या सुताचं कौतुक करताना त्या वाहवत जात नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला गिरण्या आल्यावर न्यू इंग्लंडच्या लोकांना आजीच्या चरख्याचा उमाळा आला. भाषणं झाली, चरखे माळ्यावरून दिवाणखान्यात आले. या गोड चित्रात ज्यांची जमीन गेली ते मूळ रहिवासी मात्र कुठंच नव्हते. म्हणून बाईंच्या वस्तूंत अबेनाकी जमातीच्या मॉली ऑकेट हिनं विणलेला बटवाही आहे. तो तिनं मेनमधल्या एका गोऱ्या गावकऱ्यासाठी केला होता. चरख्याच्या बरोबरीनं तो बटवा ठेवला की आजीच्या काळाची गोष्ट तेवढी गोड राहत नाही.

हार्वर्डला गेल्यावर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी २०११ साली एक प्रदर्शन केलं. विद्यापीठाच्या निरनिराळ्या संग्रहांतून वस्तू काढल्या आणि काही मुद्दाम भलत्याच संग्रहालयांत नेऊन ठेवल्या. मुद्दा हा की कला, विज्ञान, मानववंशशास्त्र ही कपाटं आपणच केली आहेत. हार्वर्डच्या संग्रहांत शंभर वर्षांहून जुनी, वाळलेली मेक्सिकन टॉर्टिया जपून ठेवलेली आहे. वनस्पतींच्या विभागात! आता पोळी ही वनस्पती की इतिहास, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

बाईंचं एक वाक्य तुम्हीही मगवर किंवा टी-शर्टवर पाहिलं असेल, नीट वागणाऱ्या बायका क्वचितच इतिहास घडवतात, अशा अर्थाचं. ते १९७६च्या एका शोधनिबंधातलं आहे आणि बंडखोरीची हाक म्हणून मुळीच लिहिलेलं नाही. धर्मनिष्ठ, निमूट बायकांकडे इतिहासकार बघतच नाहीत, ही तक्रार होती ती. वीसेक वर्षांनी कुणीतरी ते पुस्तकात वापरलं, मग ते टी-शर्टवर आलं आणि त्याचा अर्थ फिरला. बाईंनी ते खिलाडूपणे घेतलं आणि त्याच नावाचं पुस्तकही लिहिलं.

पुण्यातली एक मैत्रीण परवा फोनवर विचारत होती, "अगं पण भांड्याकुंड्यांवर पीएच.डी. देतात का कुणी?" देतात. तिचा विषय पेशवाईतला महसूल आहे, त्यामुळे तिला जरा हसू येतं. तिला मार्थाच्या डायरीचा दुवा पाठवलाय. पानं स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. अक्षर लागायला वेळ लागतो आणि स्पेलिंग मार्थाच्या मर्जीचं, पण मोडी वाचणाऱ्या बाईला त्याचं काय वाटणार? तिचं उत्तर आलंय: पेशवे दप्तरात कोठीच्या याद्या आहेत, भांडी मोजलेली आहेत, पण ती फक्त बेरजेसाठी बघत आलेय. डिसेंबरात मी पुण्यात येतेय, तेव्हा पेशवे दप्तरात मलाही बरोबर नेईन म्हणालीय.